सबसिडी : एका हाताने दिली, दुसऱ्या हाताने नेली



सबसिडी म्हणजे सरकारने आपल्या खर्चाचा वाटा उचलणे किंवा हातात पैसे ठेवणे. 2019 साली केंद्राची पीएम-किसान आली : वर्षाला 6000 रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. 2023 साली राज्याने नमो शेतकरी योजनेतून तेवढेच जोडले. झाले 12000. वनहक्काचा पट्टा असलेलाही यात बसतो. आधार आणि बँकखाते जोडून घ्या, हप्ता सोडू नका.

आता दुसरा हात पाहू. कापसाला क्विंटलमागे हजार रुपये कमी मिळाले, की 12 क्विंटलांत वर्षाची मदत परत गेली. 1972 साली एकाधिकार खरेदी आली, तेव्हा राजुऱ्याचा कापूस शेजारच्या आंध्रात विकायला बंदी. तिकडे भाव चढा असला तरी नुसते पाहत बसायचे. दिले त्याहून जास्त नेले, यालाच आपण उणे सबसिडी म्हणतो.

म्हणून आज घरी गेल्यावर वहीत दोन रकाने पाडू : योजनेतून आले किती, भावात गेले किती. हक्काचा हप्ता घेऊ. पण मागू ते घामाचे दामच.