नकोसा टाइमशेअर आणि भरवशाचा दलाल



या व्यासपीठावर गेले तीन दिवस मोठमोठे विषय झाले. आमचा विषय त्या मानाने रुक्ष आहे. परंतु ज्या कामगार-कारकुनांत आमचे आयुष्य गेले, त्यांच्यापैकी निवृत्त झालेली मंडळी हल्ली पेन्शनच्या कागदांबरोबर आणखी एक जाड, चकचकीत कागद युनियनच्या कचेरीत घेऊन येतात आणि विचारतात, "साहेब, हे विकून देणारी एखादी भरवशाची कंपनी तुमच्या माहितीत आहे काय?" त्या प्रश्नाचे उत्तर आज चारचौघांत द्यावे, असे आम्ही योजिले आहे.

टाइमशेअर म्हणजे थंड हवेच्या वा समुद्रकाठच्या ठिकाणी दरसाल ठराविक दिवस राहण्याचा हक्क. मुदत पुष्कळदा पंचवीस वर्षांची, आणि पैसे आधी. ग्रॅच्युइटी हाती पडते त्याच सुमारास फोन येतो की सोडतीत तुमचे नाव निघाले आहे, नवराबायकोने जोडीने हॉटेलात यावे. तीन तास गोड बोलणे होते आणि सही होते. पुढे गुडघे दुखू लागतात, हव्या त्या तारखेला खोली मिळत नाही, आणि वार्षिक देखभाल-खर्चाचे बिल मात्र, जा अथवा न जा, वेळेवर येते. तेव्हा माणूस विकावयास निघतो.

येथे पहिला गैरसमज दूर केला पाहिजे. मुंबईच्या चाळीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना पागडीची खोली ठाऊक आहे. तेथेही मालकी नसते, घरमालकाच्या संमतीवाचून हस्तांतर होत नाही. तरीही त्या खोलीला गिऱ्हाईक असते, कारण राहावयास जागा सर्वांनाच हवी. टाइमशेअरचे तसे नाही. आपल्याकडील पुष्कळशा करारांत नुसता वापराचा हक्क असतो, तो वर्षागणिक घटत जातो, आणि घेणाऱ्याच्या गळ्यात देखभाल-खर्चही पडतो. कंपनी नवे सभासदत्व हप्त्यांवर विकत असताना तुमचे जुने कोण घेणार? म्हणून चार लाखांच्या कागदाचे पुष्कळदा चाळीस हजारही येत नाहीत. कित्येकांना कोणी फुकटही घेत नाही. हे कटू आहे, पण जो दलाल हे पहिल्याच भेटीत सांगतो त्याच्यापाशी बसावे, आणि जो म्हणतो की तुमच्या सभासदत्वाची किंमत दुप्पट झाली आहे, त्याला चहासुद्धा पाजू नये.

या दुसऱ्या जातीचा दलाल तुम्हांस शोधावा लागत नाही, तोच तुम्हांला शोधीत येतो. त्याला तुमचा सभासद क्रमांक पाठ असतो. गिऱ्हाईक तयार आहे, चेकही तयार आहे. फक्त ना-हरकत दाखल्याची फी, नोंदणीचा खर्च आणि वस्तू-सेवा कर तेवढा आधी भरा, असे तो सांगतो. तुम्ही एक रक्कम भरता, तो दुसरी काढतो. गिरणगावातील जुन्या मंडळींना येथे जॉबर आठवेल. कामावर लावण्याआधी तो दस्तुरी घेई, आणि काम मिळेलच याची हमी नसे. 1935 साली बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली ती जॉबरच्या याच सत्तेला आळा घालण्यासाठी. सांगावयाचे ते इतकेच की आधी पैसे मागणारा मध्यस्थ ही आपल्या ओळखीची जात आहे. तिने आता टाय बांधला आहे.

अशा वेळी एकच वाक्य बोलावे : "तुमची फी आणि सारे खर्च गिऱ्हाईक देईल त्या रकमेतून कापून घ्या." खरा दलाल हे लेखी मान्य करील. लबाडाला फोन ठेवण्याची घाई होईल.

अमेरिकेत हा धंदा केवढा वाढला आहे पाहा. मेक्सिकोच्या समुद्रकाठी टाइमशेअर घेतलेल्या वृद्ध अमेरिकनांना असेच फोन जातात. 2019 ते 2023 या पाच वर्षांत सुमारे 6,000 अमेरिकनांनी अशा फसवणुकीच्या तक्रारी नोंदविल्या आणि सुमारे 30 कोटी डॉलर बुडाले, असे तेथील सरकारी खात्यांनी 2024 च्या जुलैत जाहीर केले. यामागे अफूगांजाचा व्यापार करणाऱ्या टोळ्या निघाल्या. आणि क्रूरपणा असा की एकदा फसलेल्याला पुन्हा फोन जातो : आम्ही वकील आहोत, तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, एवढी फी भरा. तिसऱ्या वेळी तेच लोक सरकारी अधिकारी होऊन बोलतात. आपल्याकडेही 'पैसे परत मिळवून देणारे' फोन येतात, तेव्हा हे ध्यानात असू द्यावे.

मग भरवशाची कंपनी कोठे शोधावी? आमचे मत असे की शोध मूळ कंपनीच्या दारातून सुरू करावा. सभासदत्व परत घेण्याची तुमची अट काय, हस्तांतराची फी किती, थकबाकी किती, हे लेखी विचारावे. उत्तर लेखीच घ्यावे. एकाच क्लबचे आठ-दहा सभासद एका पेठेत सापडतात. त्यांनी एकत्र अर्ज करावा. एकट्याला जे टोलवाटोलवीचे उत्तर मिळते ते दहा जणांना देताना कंपनी जरा विचार करते, हा आमचा तीस वर्षांचा वाटाघाटींचा अनुभव आहे.

त्यानंतर दलालाकडे जावयाचेच असेल तर तो कंपनी म्हणून नोंदलेला आहे काय, आणि कधी नोंदला, हे केंद्र सरकारच्या कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर पाहावे. वीस वर्षांचा अनुभव सांगणारी संस्था चार महिन्यांपूर्वी जन्मलेली आढळते. पैसे कोणा व्यक्तीच्या खात्यावर मागितले तर तेथेच थांबावे. कोऱ्या हस्तांतर-अर्जावर सही करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, मूळ कंपनीने आपल्या दप्तरी नव्या माणसाचे नाव चढविल्याचे पत्र हाती येईपर्यंत विक्री झाली असे समजू नये. नुसत्या मुखत्यारपत्रावर कागद घेऊन दलाल गेला, तरी बिले तुमच्याच नावाने येत राहतात.

एका गोष्टीचा निराळा उल्लेख करावा लागतो. काहींपाशी असलेला कागद सुट्टीचा नसतोच. मुदत संपल्यावर रक्कम वाढवून परत देण्याचे त्यात वचन असते. पॅनकार्ड क्लब्जच्या योजना सेबीने 2016 साली सामूहिक गुंतवणूक योजना ठरविल्या आणि सुमारे 7,035 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. ठेवीदार पन्नास लाखांवर होते, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातील किती कष्टकरी कुटुंबे होती हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. असा कागद दलाल विकू शकत नाही. तेथे मार्ग कायदेशीर दाव्याचा आहे.

ज्यांची सेवेत वा करारात फसवणूक झाली त्यांनी 1915 या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करावी. फोनवरून पैसे लुबाडले गेले असल्यास 1930 वर, आणि तेही त्याच दिवशी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. एकाच हितसंबंधाचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात; युनियनच्या माणसाला हे कलम फार आवडते. मात्र दोन वर्षांची मुदत उलटू देऊ नये.

ज्यांना आपला करार दाखवावयाचा आहे त्यांच्यासाठी आम्ही उद्या व्याख्यानाच्या तासभर आधी याच मंडपात बसणार आहोत. मूळ प्रत घरीच ठेवावी, झेरॉक्स आणि बिलांच्या पावत्या आणाव्यात. चष्मा विसरू नये; अटींचे अक्षर फार बारीक असते.