कुदळ मारण्याआधी
(सहायकांच्या मेळाव्यातील भाषण)



मुलींच्या वसतिगृहासाठी आपण उदार हाताने दिले, आणि जागेवर अजून कुदळ पडलेली नाही. "काम कधी सुरू?" असे उपासना सुटल्यावर पुष्कळ जण विचारतात. विचारायलाच हवे. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून शहरात शिकायला आलेल्या आपल्या मुली भाड्याच्या दोन खोल्यांत दाटीने राहतात.

सर्वात जास्त वेळ जागेत गेला. एक जागा फार स्वस्तात मिळत होती. सातबारा काढला तर खातेदार आदिवासी. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 36-अ प्रमाणे अशी जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि ती देण्याआधी त्यांना शासनाची मान्यता घ्यावी लागते. आपली संस्थाही बिगर-आदिवासीतच मोडते. "मग बक्षीसपत्र करून घ्या," असे एका हितचिंतकांनी सुचवले. कायद्याने ती वाटही बंद केली आहे, आणि ते योग्यच आहे. आदिवासी लेकींचे घर एका आदिवासी कुटुंबाच्या हातून गेलेल्या जमिनीवर कसे बांधायचे? समितीने नकार दिला. दुसरी जागा महाग पडली, पण ती अकृषिक आहे आणि तिची मोजणी झालेली आहे.

मग वास्तुविशारदांमार्फत नगरपालिकेत अर्ज केला. सातबारा, मोजणी नकाशा, करभरणा, इमारतीचे नकाशे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला असे सगळे जोडले. तरी दोन हरकती आल्या: जिन्याची रुंदी आणि मागची मोकळी जागा. काहींना ही अडवणूक वाटली. मला तसे वाटत नाही. रात्री आग लागली तर सगळ्या मुली त्याच जिन्याने उतरणार आहेत. नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येतो, हे अनुवादाच्या 22 व्या अध्यायात आहेच.

कायद्यात 60 दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानता येते. मात्र नकाशा नियमांत बसलेला हवा, आणि हरकत निघाली की तिच्या उत्तरापासून दिवस पुन्हा मोजायचे. एक मध्यस्थ म्हणाला, थोडे वर द्या, आठवड्यात सही आणतो. आपण शंभर रुपयांचीही पावती मागता. या पैशांची पावती कोण फाडणार?

एक खर्च मात्र आनंदाने करू. बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार उपकर भरावा लागतो. तो बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. वर्षात 90 दिवस काम केलेल्या, 18 ते 60 वयाच्या मजुराला तिथे नोंदणी करता येते. शहरांतल्या इमारतींवर विटा वाहणारे कितीतरी जण आपल्या पाड्यांवरचेच असतात, आणि बहुतेकांना ही नोंदणी माहीतही नसते. ठेकेदाराशी करार करताना 90 दिवसांच्या दाखल्याची अट आपण घालणार आहोत.

सुधारित नकाशे दिले आहेत. प्रारंभ प्रमाणपत्र हाती आल्यावर पाया, मग जोत्याची तपासणी, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ते मिळेपर्यंत एकही मुलगी तिथे राहायला जाणार नाही. म्हणजे येत्या जूनमध्येही त्या भाड्याच्या खोल्यांतच असतील. तिथे पाण्याची एक मोठी टाकी आणि दोन पंखे हवे आहेत. चहाच्या वेळी मी दाराजवळच आहे.