उंबरठा

तोंडाला रंग लावून विंगेत ताटकळलेल्या माझ्या बालमित्रांनो,

प्रमुख पाहुणा म्हणजे तुमच्या आणि नाचाच्या मधली शेवटची अडचण, हे मला पक्कं ठाऊक आहे. शाळेत असताना मीही खोट्या मिशा चिकटवून पाहुण्यांचं भाषण संपायची वाट बघितली आहे. तेव्हा फार वेळ घेत नाही. आपल्या बालाघाटात शाळेत हिंदी, घरी कुणाकडे मराठी तर कुणाकडे पोवारी. प्राचार्य मॅडम म्हणाल्या, आज मराठीत बोला. म्हणून आपली वैनगंगाकाठची जशी येते तशी मराठी बोलतो.

मघाशी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माझी ओळख ‘श्वानसेवक’ अशी करून दिली. खरं म्हणजे मी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेला माणूस, आयुष्य गाई-बैलांत गेलं. कुत्री वाट्याला आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही म्हातारी. कुणाच्या मालकाची बदली झाली, कुणाचा पाय गाडीखाली गेला, कुणाला दिसेनासं झालं म्हणून घराबाहेर काढलं.

गावाबाहेर आमचं वडिलोपार्जित घर होतं. मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर कवेलू, मागे बैलांचा कोठा. पंधरा वर्षं कुलूप. कवेलू वानरांनी फोडलेले, एका खोलीत तर वारूळच उभं राहिलेलं. ठरवलं, या कुत्र्यांना इथेच ठेवायचं.

आणि पहिल्याच फटक्यात चुकलो. लोक बघायला येतील म्हणून पुढच्या दोन खोल्यांत चकचकीत टाइल्स बसवल्या. निम्मे पैसे त्यातच गेले. काळू नावाचा बारा-तेरा वर्षांचा कुत्रा आत आला आणि त्याचे चार पाय चार दिशांना गेले. उठला, पुन्हा घसरला. मग जो कोठ्यातल्या मातीवर जाऊन बसला, तो काही केल्या आत येईना. म्हातारपणी सांधे झिजतात. अशा कुत्र्याला पायाखाली पकड लागते, चमक नाही. मी पशूंचा डॉक्टर, पण हे मला सांगितलं आमच्या गवंड्यानं. म्हणाला, “साहेब, ज्याचं घर त्याला आधी विचारायचं ना!” त्यानं टाइल्स उखडल्या, कोबा केला आणि ओल्या सिमेंटवरून खराटा फिरवला. झाली पकड!

त्या दिवशी मी गुडघ्यांवर रांगत घरभर फिरलो. बायको म्हणाली, “काय हरवलं?” म्हटलं, “काही नाही, घर बघतोय.” खाली गेल्यावर वेगळंच घर दिसलं. भिंतींच्या खालच्या भेगा दिसल्या. गोचीड अशाच भेगांत शिरून हजारो अंडी घालते आणि तिच्यामुळे येणारा ताप म्हाताऱ्या कुत्र्याला सोसत नाही. भेगा लिंपल्या, चुना मारला. खोल्यांचा उतार नाल्याकडे काढला, कारण म्हातारपणी लघवी आवरत नाही. जुन्या बाजांचे पाय कापून त्या वीतभर उंचीच्या केल्या, कारण कडक जमिनीवर निजून कोपरांना घट्टे पडतात. राइस मिलमधून जुनं बारदान आणलं, शेतातली तणस भरून गाद्या शिवल्या.

सगळ्यांत अवघड होता उंबरठा. सागाचा, चांगला सहा इंच उंच. लहानपणी त्यावर बसलो म्हणून आजीचा मार खाल्ला होता. दर दिवाळीला आई तिथे रांगोळी काढायची. काळूला तो ओलांडवेना आणि मला तो तोडवेना. शेवटी दोन्ही बाजूंनी मुरूम-सिमेंटचा उतार करून घेतला. उंबरठा राहिला, अडचण गेली.

संत नामदेव तुपाची वाटी घेऊन पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे धावले, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे तूप लावूनही पोळी चालत नाही, कारण दातच नाहीत! म्हणून कणीचा मऊ भात आणि उकडलेलं अंडं. आपल्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा सुवास माणसांनी घ्यावा, कणी आमच्या मंडळींना द्यावी.

आपल्या जिल्ह्यात कान्हाचं जंगल आहे, बिबट्या आहे. म्हणून रात्री सगळे जाळीच्या दारांआड. आणि लस चुकवायची नाही. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार वाघ-सिंहांनाही होतो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला. कुत्र्याला टोचलेली लस जंगलाचीही राखण करते.

हे काम जगावेगळं नाही. २६/११ च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे कुत्रे होते. अतिरेक्यांनी सीएसटीवर टाकलेले हातगोळे सीझरनं हुंगून शोधले. निवृत्तीनंतर हे चौघे विरारच्या एका शेतघरात राहिले. २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक गेले, सीझर सगळ्यांत शेवटी, ऑक्टोबरात. सोबती गेल्यावर तो मलूल झाला होता, असं तेव्हा छापून आलं होतं. ज्यांना पदक नाही, पराक्रम नाही, त्या काळूसारख्यांनाही शेवटी तेवढंच हवं असतं. कोरडी जागा आणि सोबत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली मोकाट कुत्री नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. त्यावर वाद घालायला मोठी माणसं आहेत. मला एवढंच दिसतं की निवारे लागणार आहेत, आणि आपल्या गावोगावी कुलपं लावलेली घरं पडून आहेत.

मुलांनो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला मागून हात लावू नका. त्याला बहुधा नीट ऐकू येत नाही, तो दचकून चावू शकतो. समोरून जा, जमिनीवर पाय आपटा, त्याला हादरा कळतो. आणि कुठलंही कुत्रं चावलं तर मिरची नाही, हळद नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता शेवटचं. मघाशी तुमच्या निवृत्त शिपाईकाकांचा सत्कार झाला. या मंचाला चार पायऱ्या आहेत, कठडा नाही. दोन मुलांनी दोन बाजूंनी धरून त्यांना वर आणलं. आपण टाळ्या वाजवल्या, पण काकांची नजर सगळा वेळ पायऱ्यांवर होती. रांगायची सवय लागल्यामुळे मला आता असलंच दिसतं.

पुढच्या वर्षी पाहुणे दुसरे बोलवा, पण त्याआधी इथे एक उतार करा. सिमेंटची दोन पोती माझ्याकडून. खराटा मात्र तुम्ही आणायचा.

आणि ही शाल मी घेऊन जातो. थंडी पडली आहे, काळूची बाज उघडी आहे.

चला, नाच सुरू करा!