नवापूरची बातमी आणि दूरचित्रवाणी

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर नांवाचें स्टेशन आहे. त्याचा कांहीं भाग महाराष्ट्रांत व कांहीं गुजराथेंत मोडतो. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रांत आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजराथेंत, असा तेथील संसार आहे. फलाटावरील एका बाकाच्या मधून दोन राज्यांची सीमा जाते, आणि गाडीची वाट पाहणारीं दोन माणसें एकाच बाकावर दोन राज्यांत बसूं शकतात. गाड्यांच्या सूचना तेथें मराठी, गुजराथी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांतून दिल्या जातात. गांवाबाहेर पाऊल टाकावें तों मावची आणि भिली कानीं पडते. बाजारांत अहिराणी ऐकूं येते. अशा ठिकाणीं एखादी गोष्ट सर्वांस नीट समजावयाची, तर ती किती तोंडांनीं सांगावी लागते हें रेल्वेला जितकें उमगलेलें आहे, तितकें वृत्तवाहिन्यांस उमगलेलें नाहीं.

या गांवाचें नांव सबंध देशाच्या कानांवर गेलें तें १८ फेब्रुवारी २००६ रोजीं. नवापूर परिसरांतील कोंबड्या त्यापूर्वीं कित्येक दिवस मरत होत्या. पोल्ट्रीवाल्यांचा प्रथम समज असा झाला कीं, हा नेहमींचा राणीखेत रोग असावा. आणि पुढेंही धंद्यांतील कित्येकांनीं हा आग्रह सोडला नाहीं. परंतु भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेंत नमुन्यांची तपासणी झाली, आणि एच ५ एन १ या विषाणूपासून होणारा बर्ड फ्लू भारतांत प्रथमच आढळल्याचें सरकारनें त्या दिवशीं जाहीर केलें. तीन किलोमीटरच्या आंतील सर्व पाळीव पक्षी मारावयाचें ठरलें, दहा किलोमीटरपर्यंत देखरेख बसली, आणि थोडक्याच दिवसांत दोन लाखांहून अधिक पक्षी मारून पुरण्यांत आले. सीमेपलीकडे उच्छल येथेंही तोच रोग निघाला, आणि मार्चमध्यें जळगांव जिल्ह्यांतील कांहीं गांवें त्यांत सांपडलीं.

त्या काळीं चोवीस तास बातम्या देणारी एकही मराठी वाहिनी नव्हती, ही गोष्ट आज सहसा कोणाच्या ध्यानांत राहिलेली नाहीं. ‘झी चोवीस तास’ आणि ‘स्टार माझा’ यांचा जन्म २००७ मधला, ‘आयबीएन लोकमत’चा २००८ मधला. मराठी बातम्या ‘सह्याद्री’वर आणि ‘ई टीव्ही मराठी’वर ठराविक वेळीं लागत. त्यामुळें दिवसभर अखंड चालणारें नवापूरचें वर्णन हिंदींत आणि इंग्रजींत झालें. तें करणाऱ्या बहुतेकांस नवापूर हें नकाशांत शोधावें लागलें असेल. आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. न ठाऊक असलेल्या ठिकाणीं जावयाचें हाच बातमीदाराचा व्यवसाय. तेथें पोंचल्यावर त्यानें काय विचारलें, कोणाला विचारलें, आणि कोणत्या भाषेंत विचारलें, हें मात्र अवश्य पाहावें लागतें.

पडद्यावर जें दिसलें तें खोटें नव्हतें. पांढरे अंगभर पोशाख घातलेले, तोंडाला मुखवटे लावलेले कर्मचारी, पोत्यांत भरलेल्या कोंबड्या, त्यांच्यासाठीं खणलेला खड्डा, वर पसरलेला चुना. हें सारें घडत होतें आणि घडणें आवश्यकही होतें. परंतु दूरचित्रवाणीच्या वृत्तपद्धतींत एक खोड आहे. वर्तमानपत्रांत छायाचित्र एकदां छापलें कीं तें त्या तारखेचें होतें. उद्यां तें शिळें ठरतें. पडद्यावरील चित्रास तारीख नसते. सकाळीं टिपलेला खड्डा दुपारीं दाखवावा, रात्रीं दाखवावा, आणि चार दिवसांनीं भलत्याच गांवची बातमी सांगतांना पाठीमागें पुन्हां दाखवावा. एकच खड्डा दहा वेळां पाहणाऱ्यास तो दहा खड्ड्यांसारखा वाटूं लागतो. निवेदकानें एक अक्षर खोटें न उच्चारतांही पाहणाऱ्याच्या मनांत खोटें बसतें तें असें. जुन्या चित्रावर ‘जुनें चित्र’ एवढे दोन शब्द आणि एक तारीख लिहिणें कांहीं अवघड नव्हे. कित्येक वाहिन्या ‘संग्रहित’ असें बारीक अक्षरांत लिहितातही. परंतु तीं अक्षरें वाचण्यास चष्म्याऐवजीं दुर्बीण लागते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कोंबडीला झालेला रोग आणि माणसाला होणारा रोग या दोन निराळ्या बातम्या आहेत. हा विषाणू क्वचित् माणसाला बाधतो आणि बाधल्यास घातक ठरतो, हें खरें. परंतु तो मुख्यतः आजारी अथवा मेलेल्या पक्ष्यांच्या निकट सान्निध्यांतून बाधतो. सत्तर अंशांपर्यंत पूर्ण शिजलेल्या मांसांत वा अंड्यांत तो जिवंत राहत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें होतें. भारतीय स्वयंपाकघरांत कोंबडी अर्धीकच्ची खाण्याची चाल नाहीं. तेव्हां पुण्याच्या वा नागपूरच्या गृहिणीला सांगावयाचें तें एवढेंच होतें कीं, कच्चें मांस हाताळल्यावर हात धुवावे आणि अन्न नीट शिजवावें. हें सांगितलें गेलें नाहीं असें नव्हे. परंतु ज्या पडद्यावर एका कोपऱ्यांत डॉक्टर शांतपणें हें सांगत, त्याच पडद्याच्या उरलेल्या भागांत पांढरे पोशाख आणि चुना चालूच असे. डोळा आणि कान यांची लढाई लागली म्हणजे डोळा जिंकतो. लोकांनीं कोंबडी सोडली, अंडीं सोडलीं. रेल्वेनेंही गाड्यांतील जेवणांतून कोंबडी काढून टाकली. ज्यांच्या पोल्ट्रींत एक पक्षीही आजारी नव्हता, आणि ज्यांचें गांव नवापूरपासून शेंकडों मैल दूर होतें, अशा पालकांचा माल मातीमोल झाला. त्यांचे पक्षी सरकारनें मारले नव्हते, म्हणून त्यांना सरकारी भरपाईही नव्हती. रोगाचा फटका कांहीं तालुक्यांना बसला, भयाचा फटका सबंध देशाला बसला.

त्याच दिवसांत एका तरुणाच्या मृत्यूची बातमी आली. त्याचा पोल्ट्रीशीं संबंध होता एवढ्यावरून हा बर्ड फ्लूचा देशांतील पहिला मानवी बळी असावा, अशी चर्चा सुरू झाली. नवापूरच्या रुग्णालयांत कांहीं माणसांना संशयावरून वेगळें ठेवण्यांत आलें होतें. त्यांचीही गणती पडद्यावर रोगी म्हणून होऊं लागली. पुढें तपासण्या झाल्या, आणि २००६ सालीं भारतांत एकाही माणसास हा रोग झाल्याचें सिद्ध झालें नाहीं. मानवी मृत्यूची पहिली खात्रीशीर नोंद आपल्या देशांत झाली ती २०२१ च्या जुलैमध्यें, हरियाणांतील एका मुलाची, दिल्लीच्या रुग्णालयांत.

येथें वृत्तवाहिन्यांच्या एका लाडक्या साधनाविषयीं चार शब्द बोलणें प्राप्त आहे. तें साधन म्हणजे प्रश्नचिन्ह. ‘बर्ड फ्लूचा पहिला बळी’ असें लिहिलें तर पुरावा द्यावा लागतो. ‘बर्ड फ्लूचा पहिला बळी?’ असें लिहिलें कीं जबाबदारी सरली. विचारणाऱ्यानें केवळ विचारलें, उत्तर दिलें तें पाहणाऱ्याच्या भीतीनें. व्याकरणांत हें चिन्ह अज्ञान दाखविण्यासाठीं आहे. येथें तें अज्ञान झांकण्यासाठीं वापरलें जातें. ज्या घरांतला तरुण गेला त्या घराच्या दारांत सुतकाच्या दिवसांत कॅमेरे उभे करण्याचा अधिकार एका विरामचिन्हानें कसा मिळतो, हें कोणत्याही वृत्तसंपादकानें सांगितलेलें नाहीं.

अर्थात् सारें भय वाहिन्यांनीं निर्माण केलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९९४ च्या सप्टेंबरांत सुरतेंत प्लेगची आंवई उठली तेव्हां चोवीस तासांची वाहिनी देशांत नव्हती. तरीही लाखों माणसें सुरत सोडून निघालीं; पोटासाठीं तेथें गेलेले खानदेशी लोक याच ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गानें माघारी आले. भय तोंडोतोंडीं धांवतें, त्याला तारा-यंत्रांची गरज नसते. किंबहुना म्हणूनच, जिच्या हातीं चित्र, शब्द आणि वेग ही तिन्ही साधनें आहेत अशा संस्थेकडून भयापेक्षां अधिक कांहीं मिळावें अशी अपेक्षा असते.

तें अधिक काय होतें? नवापूर तालुका मुख्यतः आदिवासींचा. मोठ्या पोल्ट्रींखेरीज तेथें घरोघर अंगणांत चार-सहा कोंबड्या असतात. कोंबडी ही त्या घराची पेढीच असते. आठवडे बाजारांत एक विकली कीं तेलमीठ होतें. पाहुणा आला, देवाचें कार्य निघालें, तर तीच कामीं येते. तीन किलोमीटरच्या वर्तुळांत हीं अंगणेंही आलीं. पांढऱ्या पोशाखांतलीं अनोळखी माणसें दारीं येतात, धडधाकट दिसणारी कोंबडी मागतात, आणि तिला मारून नेतात. या गोष्टीचें कारण त्या घरच्या बाईला मावचींत कोणी समजावून सांगितलें काय? भरपाई किती, ती कोणत्या कचेरींत, कोणत्या कागदावर मिळावयाची? पक्ष्यामागें भरपाई असते; परंतु पोल्ट्रींत दाणापाणी करणाऱ्या, अंडीं वेंचणाऱ्या मजुराची बुडालेली रोजी कोणत्या रकान्यांत लिहावयाची? हे प्रश्न विचारण्यास शास्त्रज्ञ लागत नव्हता. एक बातमीदार, एक दुभाषी आणि अर्धा दिवस लागत होता.

तो अर्धा दिवस न मिळण्याचें कारण कोणाच्या दुष्टपणांत नाहीं, हिशेबांत आहे. कोणती वाहिनी किती पाहिली जाते हें मोजणारीं यंत्रें त्या काळीं एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांतील निवडक घरांतच बसविलेलीं होतीं. जाहिरातीचा दर त्या यंत्रांवर ठरे. नवापूर त्या मोजणींत बसत नव्हतें. म्हणजे नवापूर पडद्यावर दिसे, परंतु नवापूरचा माणूस तो पडदा पाहतो कीं बंद करतो, हें मोजणारें कोणी नव्हतें. खेड्यांतील घरें या मोजणींत आलीं तीं २०१५ मध्यें, नवी मापनसंस्था आल्यावर. ज्याच्या मताला किंमत नाहीं त्याच्याविषयीं सांगतात, त्याला उद्देशून सांगत नाहींत. आणि सबंध नंदुरबार जिल्ह्याचा अनुभव थोडाबहुत असाच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजीं टेंभली गांवीं पंतप्रधानांच्या उपस्थितींत देशांतील पहिलें आधारपत्र दिलें गेलें, तेव्हां त्या लहानशा खेड्यांत कॅमेऱ्यांची गर्दी झाली. तीं माणसें रोज कामाला कोठें जातात, हें विचारण्यापूर्वींच ती ओसरली.

मग जवळच्या वाहिनीनें हें काम करावें, असें कोणी म्हणेल. तालुक्याच्या गांवीं केबलवाल्यांच्या स्थानिक बातम्या लागतात; निवेदक ओळखीचा असतो, भाव कळतात, वीज केव्हां जाणार तें कळतें. ही मोठीच सोय आहे. परंतु स्थानिक असणें म्हणजे निर्भय असणें नव्हे. जेथें जाहिराती चार व्यापाऱ्यांच्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा दोन पुढाऱ्यांच्या, तेथें कोंबड्या मरूं लागल्याची पहिली बातमी कोणी द्यावी? दूरचा बातमीदार माहितीअभावीं चुकतो, जवळचा माहिती असून गप्प राहतो. नवापुरांत पक्षी मरूं लागल्यापासून सरकारी घोषणा होईपर्यंत जे दिवस गेले, ते या दोहोंच्या मधले दिवस होत. रोग आवरण्याच्या दृष्टीनें तेच सर्वांत मोलाचे होते. हें सदर कोणत्याही परीक्षणांत येत नाहीं, कारण न दिलेल्या बातमीचें चित्र नसतें.

दाद कोठें मागावी? केबल दूरचित्रवाणीचा कायदा १९९५ पासून आहे. वाहिन्यांनीं स्वतःवर स्वतःच नेमलेली एक समिती २००८ पासून, न्यायमूर्ति जगदीश शरण वर्मा यांच्या अध्यक्षतेखालीं, तक्रारी ऐकूं लागली. ती उपयोगाची आहे. कांहीं वाहिन्यांस तिनें क्षमा मागावयास लावलें आहे. परंतु तक्रार आधीं वाहिनीकडे, लेखी, ठराविक मुदतींत करावयाची असते. शहरांतील सुशिक्षित गृहस्थ तें करूं शकतो आणि सहसा करीत नाहीं. ज्याची कोंबडी गेली तो करूं शकत नाहीं. नंदुरबारसाठीं मुंबईच्या घरांतून एक पत्र लिहिलें जाणें अशक्य आहे असें नव्हे. त्या बातम्यांचें खरें गिऱ्हाईक मुंबईचें घरच होतें.

ऑगस्ट २००६ मध्यें देश बर्ड फ्लूपासून मुक्त झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. फेब्रुवारींतील घोषणा ज्या आवाजांत ऐकूं आली त्या आवाजांत ही आली असें त्या वर्षीं बातम्या पाहणारा कोणीही म्हणणार नाहीं. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांनीं शेड धुऊन, नवीं पिलें आणून पुन्हां धंदा मांडला. फेब्रुवारी २०२१ मध्यें त्याच तालुक्यांत कोंबड्या पुन्हां मरूं लागल्या, पुन्हां नमुने भोपाळला गेले, पुन्हां लाखों पक्षी मारावे लागले. या वेळीं चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या अर्ध्या डझनावर होत्या. पांढरे पोशाख त्यांनींही दाखविले. पंधरा वर्षांपूर्वींच्या भरपाईचे किती अर्ज निकालांत निघाले आणि किती पडून राहिले, ही चौकशी करावयास नवापूरच्या तहसील कचेरींत जाणें या वेळीं भाषेच्या अडचणीमुळें तरी राहूं नये असें होतें.