बरणी वजा जाता

(उपकारस्तुतीच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत मी कामाचा अहवाल वाचते. यंदा तो छापून तुमच्या हातात दिला आहे, म्हणून आज एकाच गोष्टीविषयी बोलते. ती गोष्ट तुमच्यापैकी काहींच्या फडताळात अजून असेल. नाताळच्या विक्रीत घेतलेली मधाची बरणी.

त्या बरणीच्या चिठ्ठीवर निव्वळ वजन 500 ग्रॅम असे छापले आहे. आत मध आहे 462 ग्रॅम. उरलेले 38 ग्रॅम म्हणजे प्लास्टिकची बरणी आणि तिचे झाकण.

हे मला कळले जानेवारीत. आपल्याच मंडळीतल्या एका आजींचा फोन आला. आणली तेव्हा त्यांनी बरणी घरच्या छोट्या काट्यावर ठेवून पाहिली होती. मध संपल्यावर धुतली आणि पुन्हा ठेवली. "तक्रार नाही गं, पण तुझ्या बायकांना सांग," एवढेच म्हणाल्या. खरे सांगते, मला आधी रागच आला. 38 ग्रॅमसाठी फोन? मग रात्री हिशेब मांडला. 140 बरण्या विकल्या होत्या. 5 किलो 320 ग्रॅम मध आपण दिलाच नाही, आणि त्याचे पैसे घेतले, बरणीला 300 रुपयांच्या दराने 3,192 रुपये.

चूक बायकांची नव्हती. मध गाळावा कसा, बरण्या कोरड्या कशा कराव्यात, चिठ्ठीवर काय लिहावे, हे सगळे मीच शिकवले. आणि मीच सांगितले होते, "काट्यावर 500 आले की थांबा." निव्वळ या शब्दाचा अर्थ कायद्यात अगदी साधा आहे: वेष्टन सोडून आतला माल. 500 ग्रॅमच्या पाकिटात भरताना हात कमीजास्त होतो, त्यासाठी नियमात 15 ग्रॅमपर्यंतचा फरक धरलेला आहे. आपण त्याच्या दुपटीहून पुढे होतो, आणि तेही प्रत्येक बरणीत, एकाच बाजूला.

पुढच्या आठवड्यात सुरगाणा तालुक्यातल्या त्या पाड्यावर गेले. काटा ओट्यावर ठेवला आणि रिकामी बरणी वर ठेवून दाखवली. 38. गटातल्या सगळ्यांत वयस्क मावशी हसायलाच लागल्या. "ताई, म्हणजे धडा केलाच नाही का तुम्ही?" त्यांची सासू बाजारात तेल मोजून घ्यायची तेव्हा रिकामे भांडे एका पारड्यात आणि खडे दुसऱ्या पारड्यात टाकून आधी तराजू समतोल करायची, मगच तेल ओतायला सांगायची. त्याला धडा करणे म्हणतात. आपण शहरातली माणसे हा शब्द फक्त पुस्तकातल्या पाठासाठी वापरतो. आमच्या नव्या काट्यावर त्याच कामासाठी एक बटण होते, त्यावर इंग्रजी टी एवढेच अक्षर. ते कशाचे, हे कोणी विचारले नव्हते आणि मी सांगितले नव्हते.

मग एक तरुण बाई बोलली, आणि त्यानंतर बराच वेळ कोणीच बोलले नाही. ती म्हणाली, "आमची वरई, खुरासणी घेताना व्यापारी पोत्यामागे दोन किलो बारदान कापतो. दुकानात साखर घेतली तर पुडा धरून वजन. घेताना पोते वजा, देताना पिशवी धरून. आम्हाला वाटले, वजन असेच करतात."

50 किलोच्या रिकाम्या तागाच्या पोत्याचे वजन अर्ध्या-पाऊण किलोच्या आसपास असते. दोन किलो नव्हे. त्या दिवशी आम्ही घरातले एक पोते काट्यावर टाकून पाहिले. आकडा बघून त्या बायकांच्या चेहऱ्यावर जे आले त्याला काय म्हणावे, मला ठरवता येत नाही.

आमोस संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायात धान्य देताना माप लहान आणि चांदी घेताना वजन मोठे करणारे व्यापारी आहेत. तो अध्याय मी कितीदा शिकवला असेल! माझ्या डोळ्यांसमोर नेहमी दुसरेच कोणी असायचे.

पैसे परत करावेत का, यावर वाद झाला. एक जण म्हणाली, मंडळीचे लोक मदत म्हणूनच घेतात, त्यांना काही वाटणार नाही. हाच विचार माझ्याही मनात येऊन गेला होता, हे मला तिथे कबूल करावे लागले. अध्यक्षाबाईंनी विचारले, "मदत पाहिजे तर मदत मागू. मधाच्या नावाने का घ्यायची?" मग ठरले.

आता पद्धत अशी आहे. काटा सपाट फळीवर ठेवायचा. रिकामी, कोरडी बरणी झाकणासकट काट्यावर ठेवून बटण दाबायचे, शून्य आले की मध. झाकण भरताना काट्यावर शेजारीच ठेवायचे, नाहीतर तेवढे वजन पुन्हा चुकते. काचेच्या बरण्या आल्या तर प्रत्येकीचा धडा वेगळा करायचा, कारण एकाच खोक्यातल्या दोन काचेच्या बरण्यांतही काही ग्रॅमचा फरक निघतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे: भरता भरता वीज गेली तर काटा धडा विसरतो. वीज आल्यावर अर्धी भरलेली बरणी वर असेल तर तिलाच तो शून्य धरू शकतो. म्हणून मध परत भांड्यात काढायचा, बरणी पुसायची, पहिल्यापासून सुरुवात. कंटाळवाणे आहे, पण करतात. भिंतीवर बरणीचे वजन कोळशाने लिहिले आहे. भरलेली बरणी बटण न दाबता ठेवली तर किती यायला हवे, तेही खाली लिहिले आहे: 538.

आणि हो, यंदा वरई विकायला बायका स्वतःचे एक रिकामे पोते वेगळे घेऊन गेल्या. व्यापाऱ्याला म्हणाल्या, आधी हे तोला. त्याने कुरकुर केली. कापले मात्र एक किलोच. अजून जास्तच आहे. पुढच्या हंगामात पुन्हा बोलणार आहेत.

सभेनंतर मागच्या दाराजवळ त्या गटाच्या दोन बहिणी टेबल मांडून बसतील. नाताळात ज्यांनी मध घेतला त्यांनी बरणीमागे 40 ग्रॅमची एक छोटी बाटली न्यावी. पावती नसली तरी चालेल, नाव सांगा. बाटलीचा धडा केलेला आहे. शंका वाटली तर काटा तिथेच आहे, त्यांच्यासमोर तोलून पाहा. त्यांनीच तसे सांगायला सांगितले आहे.