जयपूर, मार्च 1967 : बहुमताची मोजणी आणि जोहरी बाजारातील गोळीबार

राज्यपालांच्या स्वेच्छाधिकाराविषयी लिहिलेल्या बहुतेक ग्रंथांत राजस्थानच्या 1967 सालच्या प्रसंगाला एक स्वतंत्र प्रकरण मिळालेले दिसते. राज्यपाल डॉ. संपूर्णानंद यांनी कोणाला पाचारण केले, ते योग्य होते की अयोग्य, याची तेथे सविस्तर चर्चा असते. त्याच आठवड्यात जयपूरच्या जोहरी बाजारात पोलिसांच्या गोळ्यांनी जी माणसे मृत्युमुखी पडली त्यांच्या वाट्याला त्या प्रकरणातील एखादे वाक्य येते. कधी तेही येत नाही. वस्तुतः या दोन घटना वेगळ्या नाहीत. पहिलीचे उत्तर वेळेवर मिळाले असते तर दुसरी घडण्याचे कारण उरले नसते.

प्रथम आकडे पाहावेत. फेब्रुवारी 1967 च्या निवडणुकीत राजस्थान विधानसभेच्या 184 जागांपैकी काँग्रेसला 89 जागा मिळाल्या. स्वतंत्र पक्षाला 48, जनसंघाला 22, संयुक्त समाजवादी पक्षाला 8 आणि कम्युनिस्ट पक्षाला 1. उरलेले 16 अपक्ष. बहुमताला 93 हवे होते. म्हणजे काँग्रेस चारांनी उणी पडत होती. विरोधी पक्षांची बेरीज 79 होत होती आणि त्यांना अपक्षांपैकी चौदा जणांची साथ आवश्यक होती. डुंगरपूरचे महारावळ लक्ष्मणसिंह यांना नेता निवडून या पक्षांनी व बहुसंख्य अपक्षांनी संयुक्त आघाडी उभी केली आणि बहुमताचा दावा राज्यपालांपुढे मांडला. आघाडी एकजिनसी नव्हती, हे खरेच. माजी संस्थानिक आणि जहागीरदार एका बाजूला, समाजवादी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये भैरोसिंह शेखावत यांच्यासारखे जनसंघाचे कार्यकर्ते, अशी ती मोट होती. परंतु मोट कशी बांधली आहे हे पाहणे राज्यपालांचे काम नव्हे. तीत किती माणसे आहेत एवढेच त्यांनी पाहावयाचे होते.

डॉ. संपूर्णानंदांनी निर्णय दिला तो असा : अपक्षांची गणना करावयाची नाही, सर्वांत मोठा पक्ष काँग्रेस, म्हणून काँग्रेसचे नेते मोहनलाल सुखाडिया यांनी मंत्रिमंडळ बनवावे. सुखाडिया 1954 पासून मुख्यमंत्री होते. अपक्षांमागे कोणताही पक्ष वा समान कार्यक्रम नसतो, असा विचार या निर्णयामागे होता. या विचाराला तर्क नाही असे नव्हे. पण ज्या मतदारांनी अपक्षाला निवडून दिले त्यांचे मत मोजणीतून वगळण्याचा अधिकार राज्यपालांना कोठून मिळाला, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. डॉ. संपूर्णानंद हे काही सामान्य राजकारणी नव्हते. काशीचे विद्वान, उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री, तुरुंगसुधारणेचे खंदे पुरस्कर्ते. जयपूरजवळ सांगानेरला 1963 मध्ये सुरू झालेल्या खुल्या कारागृहाला त्यांचेच नाव आहे. शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीविना ठेवण्याइतका ज्यांचा माणसांवर विश्वास होता त्यांनी निवडून आलेल्या सोळा आमदारांवर तो ठेवू नये, ही गोष्ट मनाला खटकल्याशिवाय राहत नाही.

या निर्णयाने शहर खवळले. मोर्चे निघू लागताच फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 144 व्या कलमाखाली जमावबंदी पुकारण्यात आली. विरोधी पक्षांच्या नेत्यांनी ती मोडली व अटक करवून घेतली. संचारबंदी आली. आणि 7 मार्च रोजी जोहरी बाजारात गोळीबार झाला.

ज्यांनी जयपूर पाहिलेले नाही अशा महाराष्ट्रातील श्रोत्यांसाठी या जागेचे थोडे वर्णन करणे आवश्यक आहे, कारण तिच्यात या घटनेचे मर्म आहे. जोहरी बाजार हा सांगानेरी दरवाजापासून बडी चौपडपर्यंत जाणारा रुंद, सरळ हमरस्ता. दोन्ही बाजूंना जवाहिऱ्यांची व कापडाची दुकाने, आणि त्यांच्यामधून आत शिरणाऱ्या अरुंद गल्ल्या. या गल्ल्यांनाच जयपुरात ‘रास्ता’ म्हणतात : गोपालजी का रास्ता, हल्दियों का रास्ता. अशा ठिकाणी जमाव एका क्षणात जमतो आणि गल्ल्यांत विरघळूनही जातो. पण सरळ रस्त्यावर झाडलेल्या गोळीला मात्र आडवे येणारे काही नसते. बडी चौपड ओलांडून पुढे गेले की हवामहाल लागतो, आणि त्याच्या शेजारी सवाई मानसिंह टाऊन हॉल. 2001 साली नव्या इमारतीत जाईपर्यंत राजस्थानची विधानसभा याच टाऊन हॉलमध्ये भरत असे. बाजारातून तेथवर पायी जावयास फार वेळ लागत नाही.

याचा अर्थ असा की, जी मोजणी करावयाची ती कोठे करावयाची, याविषयी शंका घेण्याचे कारणच नव्हते. सभागृह जवळच उभे होते. 184 सभासदांना तेथे बोलावून हात वर करावयास सांगितले असते तर काही मिनिटांत निकाल लागला असता. ते झाले नाही. मोजणी राजभवनात झाली, तिच्यावर हरकत बाजारात घेण्यात आली आणि हरकतीचे उत्तर बंदुकीने दिले गेले. विरोधी आमदारांना आपली संख्या दाखविण्यासाठी थेट दिल्लीला, राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे जावे लागले.

सुखाडियांनी अखेर मंत्रिमंडळ बनविण्यास असमर्थता दर्शविली आणि 13 मार्च रोजी राष्ट्रपती राजवट जारी झाली. विधानसभा बरखास्त न करता स्थगित ठेवण्यात आली. वरवर पाहता हा मध्यममार्ग. पण स्थगित विधानसभेत आमदार आमदारच राहतात. फक्त त्यांना सभागृहात बसता येत नाही. त्या सहा आठवड्यांत जे व्हावयाचे तेच झाले. पक्षांतरे झाली, आघाडीचे संख्याबळ ओसरले, सरदार हुकुमसिंह नवे राज्यपाल म्हणून आले, आणि 26 एप्रिल रोजी राष्ट्रपती राजवट उठून सुखाडिया पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या अपक्षांना मार्चमध्ये मोजावयाचे नव्हते त्यांचे महत्त्व एप्रिलपर्यंत चांगलेच वाढले होते.

पुढील काळात या प्रश्नाच्या घटनात्मक बाजूचा विचार झाला, आणि तो चांगला झाला. सरकारिया आयोगाने 1988 च्या अहवालात राज्यपालांनी कोणाला कोणत्या क्रमाने पाचारण करावे याची दिशा आखून दिली. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने अपक्षालाही बांधले : निवडून आल्यावर तो एखाद्या पक्षात गेला तर त्याचे सदस्यत्व जाते. मार्च 1994 मध्ये बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताची परीक्षा सभागृहातच व्हावयास हवी असे स्पष्ट केले. महाराष्ट्राने त्याचे फळ नोव्हेंबर 2019 मध्ये पाहिले. पहाटे राष्ट्रपती राजवट उठली, सकाळी शपथविधी झाला. तीन दिवसांनी न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी सभागृहात मतदान घेण्याचा आदेश दिला आणि सरकारने त्याआधीच राजीनामा दिला. एवढा क्षोभ होऊनही रस्त्यावर गोळी झाडावी लागली नाही. सभागृहाचा दरवाजा उघडेल याची खात्री पटली की माणसे चौकात कमी येतात.

दुसऱ्या बाजूचा विचार मात्र तसा झाला नाही. गोळीबाराच्या चौकशीसाठी राजस्थान उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बेरी यांचा आयोग नेमण्यात आला. चौकशी आयोग ही आपल्याकडील रूढ वाट आहे. 1952 च्या कायद्याखालील आयोग साक्षी नोंदवितो, मत देतो. शिक्षा देत नाही आणि त्याचे मत शासनावर बंधनकारकही नसते. अहवाल विधिमंडळापुढे सहा महिन्यांत ठेवण्याचे बंधन तर 1971 च्या दुरुस्तीने आले. जयपूरच्या वेळी तेही नव्हते.

याहून मोठी अडचण फौजदारी कायद्यातच होती. 1898 च्या संहितेनुसार बेकायदा जमाव पांगविताना केलेल्या कृत्याबद्दल शासनाच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नसे. ही तरतूद परकी सत्तेच्या सोयीची होती. 1973 च्या संहितेने ती जशीच्या तशी ठेवली. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली. जमावबंदीच्या 144 व्या कलमाचा क्रमांक बदलून 163 झाला, आणि मंजुरीची अट नव्या संहितेतही आली. वाद सरकार कोणाचे यावरूनच असतो तेव्हा या अटीचा विचित्रपणा विशेष जाणवतो : ज्याच्या सत्तेवरील हक्काला हरकत घेताना माणूस मारला गेला, त्याच्याच सहीवाचून त्या मृत्यूचा जाब न्यायालयात विचारता येत नाही.

मुंबईच्या फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात बळी पडलेल्यांचे स्मारक उभे राहिले, चौकाला त्यांचे नाव मिळाले. तेथे लढा जिंकला गेला होता आणि स्मारक उभारणारे राज्य त्याच लढ्यातून जन्मले होते. जोहरी बाजारात जे पडले त्यांच्यामागे असे राज्य नव्हते. ज्या आघाडीसाठी ते रस्त्यावर आले ती दीड महिन्यात विसकटली होती. शेखावत पुढे 1977 मध्ये मुख्यमंत्री झाले. 1993 मध्ये 95 जागा मिळवून त्यांचा पक्ष सभागृहात सर्वांत मोठा, पण बहुमताला उणा ठरला, तेव्हा त्यांनीही मंत्रिमंडळ बनविले ते अपक्षांच्या बळावर.