ज्वारीचे नाव आडतीत पुसू देऊ नका
(मिरज येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. काळ्या रानातल्या ओलीवर पिकणारी ही ज्वारी. पण पोते आडत्यापुढे ओतले की नाव तिथेच पुसले जाते. उरतो तो क्विंटलचा भाव. शहरातल्या गिऱ्हाइकाला ही भाकरी हवी असते, पण मागवावी कोणाकडे, हे त्याला ठाऊक नसते.

सोलापूरच्या मायबहिणींनी वाट दाखवली आहे. त्यांची पातळ कडक भाकरी बरेच दिवस टिकते, म्हणून मागणीप्रमाणे पुण्या-मुंबईला जाते.

जतच्या ज्वारीला मंगळवेढ्याचे नाव लावता येत नाही, लावूही नये. पण जतची ज्वारी जतच्याच नावाने विकायला आपल्याला कोण अडवतो? पिशवीवर गाव छापू, गिऱ्हाइकांची यादी करू, दहा घरे मिळून पहिली मागणी पुरवू. नाव आपल्या हाती राहिले, तरच भाव बोलता येईल.